एकीच्या हाताला नाडी लागेना

जुळ्या बहिणी होत्या त्या. जन्मात काही मिनिटांचंच अंतर, पण तेवढ्यावरून एक थोरली ठरली आणि दुसरी धाकटी. घरात, शाळेत आणि पुढे धंद्यातही तीच नावं चिकटली. उंची, रंग, भुवयांमधली जागा, हसताना एका बाजूनं वर सरकणारा ओठ, सगळं एकसारखं. आई म्हणायची, "लहानपणी एकीलाच दोनदा दूध पाजलं असेल मी, देव जाणे." त्यावर थोरली म्हणायची, "म्हणूनच मी अशी वाळकी." धाकटी म्हणायची, "तू वाळकी, तर मी कोण गं?"

दोघींनी मिळून केस कापायचं पार्लर काढलं. औषधांच्या दुकानाला लागून एक लांबट खोली होती. तिच्यात दोन खुर्च्या, केस धुवायचं एक बेसिन आणि भिंतभर आरसा. नवं गिऱ्हाईक आरशात दोघींना बघून बिचकायचं, मग हसायचं आणि मग पुन्हा यायचं. केस रंगवण्यात धाकटीचा हात बसलेला, कापण्यात थोरलीचा. थोरलीनं कापलेले केस वाढले तरी आकार सोडत नाहीत, असं बायका एकमेकींना सांगायच्या.

थोरलीचं लग्न लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका शांत माणसाशी झालं. त्यांना एक मुलगी झाली, तिला सगळे बिट्टी म्हणायचे. धाकटीनं लग्न केलं नाही. कुणी विषय काढला की म्हणायची, "नवरा आम्हा दोघींत गोंधळला म्हणजे?" आणि हसण्यावारी न्यायची. ती आईजवळ राहायची, थोरली त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर. दिवसभर जिना वाजता असायचा.

बिट्टी चालायला लागली त्या सुमाराला थोरलीला बारीक ताप येऊ लागला. संध्याकाळी चढायचा, सकाळी उतरायचा. अंग मोडून यायचं. गल्लीतल्या डॉक्टरांनी रक्त वाढायच्या गोळ्या दिल्या आणि बाळंतपणानंतरचा अशक्तपणा आहे म्हणाले. आई ताट वाढून समोर बसून राहायची. ताप हळूहळू गेला, पण मग डावा हात कुरकुरायला लागला. केस वाळवताना ड्रायर धरून हात वर गेला की थोड्याच वेळात जड व्हायचा, गळून खाली यायचा. खाली सोडला की पुन्हा ठीक.

"म्हातारी झालीस," धाकटी म्हणाली.

"मी झाले तर तूही झालीस," थोरली म्हणाली आणि तिनं ड्रायर उजव्या हातात घेतला.

पण एकदा लांब केस विंचरताना तिच्या हातातून कंगवा लागोपाठ दोनदा पडला. थोरलीचं तोंड उतरलं. दुसऱ्या दिवशी धाकटीनं पार्लर बंद ठेवलं आणि तिला ओढतच मोठ्या इस्पितळात नेलं.

तिथल्या नर्सनं डाव्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायला घेतला. यंत्र गुरगुरलं आणि नुसत्या रेघा दाखवून गप्प झालं. नर्सनं सेल बदलले. पुन्हा रेघा. तिनं पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला, तर आकडे आले. धाकटीला बांधला, तरी आले. "यंत्राला तुम्ही आवडलेल्या दिसत नाही," नर्स थोरलीला म्हणाली आणि तिघीही हसल्या. मग तिनं पट्टा थोरलीच्या उजव्या दंडाला बांधला. आकडे आले, म्हणजे बिघाड यंत्रात नव्हता; नर्सचं हसू मावळलं.

त्यांना वरच्या मजल्यावर पाठवलं. दारावर सांधेवाताची पाटी होती. "हिचे सांधे कुठं दुखतायत?" धाकटी कुरकुरली. आतल्या डॉक्टर मॅडम साध्या, मऊ आवाजाच्या होत्या. म्हणाल्या, "सांधे तर बघतोच आम्ही. पण शरीर स्वतःवरच उलटतं ते सगळे आजार आमच्याकडे येतात." त्यांनी थोरलीचं डावं मनगट धरलं. बोटं थोडी सरकवली, पुन्हा दाबून पाहिली. मग काय वाटलं कोण जाणे, दुसऱ्या हातानं त्यांनी धाकटीचंही डावं मनगट धरलं आणि मान खाली घालून थोडा वेळ तशाच बसल्या.

"तुमची लागते," त्या धाकटीला म्हणाल्या. "यांची नाडी लागत नाही."

पुढचे काही आठवडे तपासण्यांत गेले. मग मॅडमनी आईला आणि थोरलीच्या नवऱ्यालाही बोलावून सगळ्यांना समोर बसवलं आणि कागदावर हृदय काढून दाखवलं. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी, तिचे हाताकडे आणि मानेकडे जाणारे फाटे. रोगाशी लढायला शरीरानं जी फौज ठेवलेली असते, तीच या भिंतींवर तुटून पडलीय. भिंती सुजतात, जाड होतात, आतली वाट अरुंद होते. डाव्या हाताची वाट जवळजवळ बुजलीय. मानेतल्या वाटाही अरुंद व्हायला लागल्यात. फार थोड्या लोकांना होतो हा आजार, बहुतेक तरुण बायकांना.

"म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं," आई म्हणाली.

"अगदी तसंच," मॅडम म्हणाल्या.

जुळ्या आहेत म्हटल्यावर मॅडमनी धाकटीचंही रक्त घेतलं होतं. या आजाराच्या पुष्कळ रोग्यांमध्ये एक ठरावीक जनुक सापडतं. ते थोरलीच्या रक्तात निघालं आणि अर्थातच धाकटीच्याही, कारण दोघी एकाच बीजाच्या.

"मग मलाही होणार?" धाकटीनं विचारलं.

"बहुतेक नाही. जनुक म्हणजे रोग नव्हे. असं समजा, दाराला आतून कडी नाही. कडी नसलेली कितीतरी घरं असतात, पण चोर एखाद्याच घरात शिरतो."

"मग तो हिच्याच घरात का शिरला? माझं दारही तसंच आहे ना?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "ते आम्हाला अजून कळलेलं नाही," त्या म्हणाल्या.

आईनं एकच विचारलं, "हे माझ्याकडून गेलं का?" तुमच्याकडून असेल किंवा त्यांच्या वडिलांकडून असेल, आणि कुणाकडूनही आलं असलं तरी त्यात कुणाचा दोष नाही, असं मॅडमनी परोपरीनं सांगितलं. आईनं मान हलवली. घरी आल्यावर मात्र ती नवऱ्याच्या तसबिरीसमोर उभी राहून पुटपुटली, "तुम्ही तर सुटलात."

उपचार सुरू झाले. स्टेरॉइडच्या गोळ्या आणि महिन्याच्या महिन्याला शिरेतून एक औषध. अंग मोडून येणं थांबलं, थोडी ताकद आली. पण गोळ्यांनी थोरलीचा चेहरा सुजला. गाल भरले, हनुवटी बुडाली, डोळे बारीक झाले, केस विरळ झाले. आयुष्यात पहिल्यांदा लोकांना दोघी लांबून वेगळ्या ओळखू यायला लागल्या.

"बघ, शेवटी माझा स्वतःचा चेहरा मिळाला मला," थोरली आरशात बघत म्हणाली.

धाकटीला हसू आलं नाही. तिला आता आरशासमोर उभं राहणंच नकोसं झालं होतं. थोरली बसून काम करायची आणि तिच्यामागे धाकटी उभी. थोरली कशी दिसायला हवी होती ते आरशात दिवसभर दिसत राहायचं. आईची नजरही दोघींवरून फिरायची. वाढताना ती थोरलीच्या ताटात बघायची, मग धाकटीच्या धडधाकट हातांकडे. आई कधी काही बोलली नाही. एकदा धाकटीला शिंक आली तेव्हा मात्र तिनं इतकं चटकन वर पाहिलं की धाकटी म्हणाली, "नुसती शिंक आहे गं." आईच्या चेहऱ्यावर धास्ती होती की आणखी काही, ते धाकटीला कळलं नाही. तिनं विचारलंही नाही.

बिट्टीला मात्र आपल्या आईचा हा नवा चेहरा फार आवडायचा. ती थोरलीच्या मांडीवर बसून दोन्ही हातांनी तिचे गाल दाबायची आणि म्हणायची, "उशी."

वर्ष उलटलं. सूज उतरतेय असं रक्ताच्या तपासण्या सांगायला लागल्या. अजून थोडी निवळली की मानेतल्या रक्तवाहिनीची शस्त्रक्रिया करू, असं ठरलं. सगळ्यांच्याच जिवात जीव आला. थोरलीचा नवरा घरातलं पडून राहिलेलं एकेक काम उरकायला लागला. त्यानं कपाटाचं दार बसवलं, खिडकीची खिटी बदलली. तेवढ्यातच ते घडलं.

दुपारची वेळ होती, पार्लरमध्ये गिऱ्हाईक नव्हतं. थोरली म्हणाली, "माझे उरलेसुरले केस जरा सारखे कर." धाकटीनं तिला खुर्चीत बसवून अंगावर कापड टाकलं. कापता कापता गप्पा चालल्या होत्या. बिट्टीला शाळेत घालायचं होतं त्याबद्दल थोरली बोलत होती. बोलता बोलता ती म्हणाली, "तिला नवी कात्री घेऊ."

"कात्री? शाळेत?" धाकटी हसली.

"कात्री… पाणी… ते हे," थोरली म्हणाली आणि स्वतःच गोंधळून आरशात बघायला लागली. तिच्या ओठाची एक बाजू खाली आली होती. क्षणभर धाकटीला वाटलं, ही थट्टाच करतेय. मग थोरलीचं डोकं तिच्या हातावर कलंडलं.

औषधांच्या दुकानातल्या माणसानं गाडी आणली. इस्पितळ जवळ होतं, डॉक्टर लगेच मिळाले, जे करता येण्यासारखं होतं ते सगळं झालं. कुणाची काही चूक झाली नाही. मानेतली वाट बंद होऊन मेंदूचा अर्धा भाग कोरडा पडला होता. थोरली दोन-तीन दिवस होती, पण कुणाला ओळखत नव्हती. मग गेली.

लोक आले, बसले, गेले. आई रडली नाही. ती स्वयंपाकघरात बसून राहायची आणि दाराशी चाहूल लागली की दचकून बघायची. एकदा धाकटी बाहेरून आली तेव्हा आई म्हणाली, "तू दारातून आत येतेस ना, तेव्हा क्षणभर ती येते. आणि मग तू निघतेस."

धाकटी चपला हातात धरून उभी राहिली. ती आत जाऊन चहा ठेवायला लागली.

पार्लर उघडणं भाग होतं. जुनी गिऱ्हाइकं आली, काही यायची बंद झाली. मग बरेच महिने परगावी राहून परतलेली एक बाई आली. दारातूनच तिचा चेहरा खुलला. "अगं बाई, थोरले! बारीक झालीस की! आजारी आहेस म्हणून ऐकलं होतं. झालीस ना बरी?"

धाकटीनं तोंड उघडलं. बाई इतक्या मनापासून हसत होती की तिला खरं सांगवेना.

"हो," ती म्हणाली. "झाले बरी."

तिनं थोरलीची कात्री घेतली आणि थोरली कापायची तसे बाईचे केस कापले, मानेवर जरा आखूड, कानाशी लांब. बाई खूश होऊन गेली. पुढे केव्हातरी तिला खरं कळलं असणार, कारण ती पुन्हा आली नाही.

बिट्टी दिवसा धाकटीजवळ असायची. थोरलीचा नवरा कामावर जाताना तिला खाली सोडायचा आणि संध्याकाळी वर घेऊन जायचा. दारात उभा राहताना तो धाकटीच्या खांद्यापलीकडे, भिंतीकडे बघून बोलायचा. "भावोजी, दोन घास खाऊन जा," ती म्हणायची. "नको, केलंय वर," तो म्हणायचा. केलेलं काही नसायचं, ते तिलाही माहीत होतं.

सगळ्यांना एकच धास्ती होती. बिट्टी एक दिवस मावशीला आई म्हणेल, मग काय करायचं? बिट्टी तसं कधीच म्हणाली नाही. का, ते एका रविवारी कळलं. आईनं जुने फोटो काढले होते आणि बिट्टीला मांडीवर घेऊन ती दाखवत होती. थोरलीचा लग्नातला फोटो होता, छान हसणारा.

"ही कोण?" आईनं विचारलं.

"मावशी," बिट्टी म्हणाली.

"नाही गं, ही तुझी आई. आणि ही बघ, तू एवढीशी होतीस, तुला घेऊन बसलीय."

"मावशीच आहे," बिट्टी म्हणाली. तिनं एकेक फोटो बाजूला सारला. सगळे बघून झाल्यावर ती म्हणाली, "आईचा नाहीये का एकपण?"

तिला आठवत होती ती सुजलेल्या गालांची आई. तिचं तेवढंच वय होतं. आणि त्या चेहऱ्याचा फोटो घरात एकही नव्हता. कुणी कॅमेरा धरला की थोरली हात आडवा धरायची. "आत्ता नको, बरी झाले की काढू," म्हणायची. धाकटीनं फोन चाळला, भावोजींनी त्यांचा चाळला, ओळखीपाळखीच्यांना विचारलं. एका वाढदिवसाच्या फोटोत मागे थोरलीचा अर्धा खांदा होता आणि विरळ केस. तेवढाच.

बिट्टीनं तो खांदा बराच वेळ पाहिला. "हं. ही आई," ती म्हणाली. त्या रात्री तिनं तो फोटो उशाशी घेतला.

आई मात्र वेगळंच मनात धरून बसली होती. काही महिने गेल्यावर तिनं धाकटीजवळ विषय काढला. "घरातल्या घरात झालं तर बरं नाही का? पोर परक्याच्या हाती जाणार नाही. बिट्टीला चेहरा तरी तोच दिसेल."

"तिला तो तिच्या आईचा वाटतच नाही, आई," धाकटी म्हणाली. "तुला वाटतो. भावोजींना वाटतो. तिला नाही."

आईनं तरीही जावयाला विचारलंच. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी तिच्याकडे बायको म्हणून बघू शकत नाही. आणि खरं सांगू, दुसरी कुणी म्हणूनही बघू शकत नाही." धाकटी आतल्या खोलीत होती. तिनं ऐकलं आणि हातातली उशी उगाच झटकत राहिली.

त्याच्या डोक्यात आणखी एक किडा वळवळत होता. बिट्टीला जरा कणकण वाटली की तो तिच्या मनगटावर बोटं ठेवून बसायचा. शेवटी त्यानं मॅडमची वेळ घेतली आणि धाकटीलाही बरोबर यायला सांगितलं. त्याला बिट्टीचं रक्त तपासून हवं होतं.

"लिफ्ट बंद पडायच्या आधी आवाज देते," तो म्हणाला. "आम्ही तो ऐकतो आणि दोर बदलतो. हिचं आधीच कळलं तर काहीतरी करता येईल."

"नाही करता येणार," मॅडम म्हणाल्या. "तेच सांगतेय मी. जनुक आलं असेल किंवा नसेल, नाण्याच्या छाप्या-काट्यासारखं आहे ते. असलं तरी त्यावर आज औषध नाही, आणि तरीही ती बहुतेक ठणठणीतच राहील. नसलं तरी अजिबात होणार नाही अशी हमी मी देऊ शकत नाही. मग चाचणीतून मिळणार काय? रोज तिच्याकडे भीतीनं बघणं."

"ते तर तसंही बघतो."

"माहीत आहे. पण ती मोठी होईल तेव्हा ते तिलाही दिसेल. हवं तर वर्षातून एकदा दोन्ही हातांची नाडी आणि रक्तदाब बघत जाऊ. तेवढं पुरे."

मग मॅडम धाकटीकडे वळल्या. तिला धीर यावा म्हणूनच त्या बोलल्या असतील. म्हणाल्या, "बहिणीचं काहीच उरलं नाही असं मानू नका. रक्ताच्या तपासणीत पाहिलं, तर बिट्टीची आई तुम्ही की तुमची बहीण, हे साध्या चाचणीला सांगताही येणार नाही. इतक्या एक आहात तुम्ही."

धाकटीला त्या क्षणी बिट्टीला पोटाशी धरून कुठंतरी दूर निघून जावंसं वाटलं. तिनं भावोजींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला होता.

बाहेर पडल्यावर ते म्हणाले, "मॅडमनी असं बोलायला नको होतं."

"त्यांच्या मनात तसं काही नव्हतं."

"तरीही."

महिन्याभरातच त्यांनी दुसऱ्या शहरात काम शोधलं. तिथे त्यांची मोठी बहीण राहत होती, तिला बिट्टीएवढी मुलं होती. आई खूप बोलली, हातापाया पडायची बाकी राहिली. धाकटी बिट्टीच्या कपड्यांच्या घड्या घालत राहिली. सामान बांधून झालं तेव्हा ते स्वतःच तिच्याकडे आले, आणि थोरली गेल्यापासून पहिल्यांदा त्यांनी तिच्या तोंडाकडे सरळ पाहिलं.

"तुझं काही चुकलेलं नाही," ते म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नकोस. मी दारात आलो की तू उभी असतेस. रोज. मला नाही जमत."

"मी चेहरा कुठं ठेवू, भावोजी?" ती म्हणाली. तिनं ते भांडायला म्हटलं नव्हतं. तिला खरंच माहीत नव्हतं.

ते रडायला लागले. जिन्याच्या कठड्याला धरून, आवाज न करता. तिनं त्यांना पाणी आणून दिलं. बिट्टी तिथेच खोक्यांवर चढून उड्या मारत होती. निघताना तिनं मावशीची पापी घेतली आणि तिला बजावलं, "माझ्या बाहुलीला इथंच ठेव. तिला गाडी लागते."

नंतरची वर्षं अशीच गेली. आई थकली, दारातली चाहूल तिला ऐकू येईनाशी झाली, आणि ती धाकटीला सरळ थोरलीच्या नावानं हाक मारू लागली. धाकटी ओ देते. वर्षातून एकदा ती मॅडमकडे जाते. मॅडम मान तपासतात, दोन्ही हात तपासतात आणि दरवेळी म्हणतात, "काही नाही, ठणठणीत आहात." दुसरं कुणी असतं तर हसत बाहेर आलं असतं. ती बाहेरच्या बाकावर थोडा वेळ बसते आणि मग पार्लर उघडायला जाते. दुसरी खुर्ची तिनं काढलेली नाही. गर्दी असली की त्या खुर्चीवर गिऱ्हाईक बसतं.

रविवारी बिट्टीचा फोन येतो. सुरुवातीला ती खूप बोलायची, शाळेतलं, आतेभावंडांचं, कुणी कुणाला ढकललं ते. आता ती मोठी होतेय, बोलणं कमी होतंय. गेल्या रविवारी मागे मुलांचा आरडाओरडा चालला होता. तिचं लक्ष तिकडंच होतं.

"जेवलीस का?"

"हो."

"अभ्यास?"

"केला. मावशी, मी खेळायला जाऊ?"

"जा," धाकटी म्हणाली.

बिट्टी फोन बंद न करताच तसाच टाकून पळाली. मुलांचे आवाज येत होते, कुणीतरी बिट्टीच्या नावानं ओरडत होतं, बिट्टी खिदळत होती. धाकटी फोन कानाला लावून ऐकत उभी राहिली. मग तिकडं जड पावलं वाजली, भावोजींची असावीत; कुणीतरी फोन उचलला, क्षणभर थांबलं आणि काही न बोलता हळूच ठेवून दिला.